गयाआत्याची जीभ

हे मी आईला सांगितलेलं नाही. पाठच्या बहिणीला माझ्या पोटातलं सगळं काढून घेता येतं — तिलाही नाही. दीड वर्ष होत आलं. तोंडाशी येतं आणि मी भलतंच काहीतरी बोलून मोकळी होते. आज तुम्हाला सांगायला बसले आहे, कारण तुम्ही मला ओळखत नाही. ओळखत असतात तर सांगितलं असतं का? नसतं. सुरुवातीला एवढं तरी खरं बोलते.

आणि एक आधीच सांगून ठेवते — मी चिडलेली आहे. हे रडत सांगितलं तर लोक पाठीवरून हात फिरवतात, आणि तो हात मला नको आहे. त्यामुळे मी जरा फटकळ बोलले तर चालवून घ्या, किंवा नका घेऊ.

चौसाळ्यात, हायवेला लागून, माझं एका खोलीचं दुकान आहे. बोर्डावर ‘डिजिटल मार्केटिंग’ असं लिहिलंय. गावात त्याला रीलचं दुकान म्हणतात, आणि तेच खरं आहे. साडीवाले येतात, दातांचे डॉक्टर येतात, ठिबकच्या नळ्या विकणारे येतात. पुढारी तर येतातच. पूर्वी वाढदिवसाला चौकात फ्लेक्स लागला की त्यांचं भागायचं. आता त्यांना गाडीतून पाय खाली ठेवताना हळू चालीत दाखवावं लागतं, मागे ढोल, वरून ठिणग्या, आणि ज्याला ग्रामपंचायतीत कुणी खुर्ची देत नाही त्याच्या नावापुढे ‘किंग’. मी ते सगळं करते. हात झरझर चालतात माझे.

त्याआधी मी पुण्यात एका जाहिरात कंपनीत मजकूर लिहायचे. एक दिवस साहेबांनी आम्हा चौघींना केबिनमध्ये बोलावलं आणि अगदी मऊ आवाजात सांगितलं, हे काम आता एआय करतं, तुम्ही काहीतरी नवीन शिका. शिकले. तेच शिकले. ज्या यंत्रानं मला घरी बसवलं तेच घेऊन गावात आले आणि दुकान टाकलं. तेव्हा वाटायचं, काय डोकं चालवलं मी! आज त्या मुलीच्या एक कानाखाली वाजवावीशी वाटते.

पण हे अजून इकडचं तिकडचंच झालं. मला आत्यावर यायला हवं.

गयाआत्या माझी सख्खी आत्या नाही. ती माझ्या वडिलांच्या मूळ गावची लेक, म्हणून आम्ही तिला आत्या म्हणतो, आणि आम्ही म्हणतो म्हणून आता सगळं चौसाळा म्हणतं. मेंढपाळाच्या घरातली. तिचा नवरा आणि दीर मेंढरं घेऊन गावोगाव फिरतात — शेतात चार दिवस मेंढ्या बसल्या की लेंडीखत पडतं, त्यासाठी शेतकरी त्यांना बोलावून नेतात. आत्याचे गुडघे धरले तेव्हापासून ती घरीच असते आणि दहाबारा शेळ्या सांभाळते. शेळी अडली, कोकरू दूध ओढेना, की लोक आधी तिच्या दारात जातात आणि मग डॉक्टरला फोन लावतात.

पण तिचं खरं नाव झालं ते तिच्या जिभेमुळे. बाजारात नवी पेंड आली, मिठाची वीट आली, कसली पुडी आली, की माणसं ती घेऊन तिच्याकडे. ती लगेच काही बोलत नाही. “ठिवून जा,” म्हणते. दुसऱ्या दिवशी सकाळी, चहाच्या आधी, चूळ भरून चिमूटभर स्वतःच्या जिभेवर ठेवते. डोळे मिटून बसते. मग सांगते, चालंल — किंवा चालायचं न्हाई. मी एकदा विचारलं, आत्या, तू कशाला खाऊन बघतेस? तर म्हणाली, “मुक्या जिवाला थुंकता येत न्हाई बाई. मला येतंय.”

तुम्हाला हसू येईल. मलाही यायचं. पण आमच्याकडे दुकानदार काहीही सांगू दे, पोत्यावर काहीही छापलेलं असू दे, ‘आत्यानं जिभेवर ठेवून पाहिलंय’ एवढं कुणी म्हटलं की समोरचा पुढे विचारत नसे. पेंडीचं पोतं उचलायचा आणि चालू लागायचा.

दुकान टाकल्यावर मी पहिला व्हिडिओ तिचाच केला. तो खरा होता, हे मुद्दाम सांगते. ती ओट्यावर बसली आहे, शेळीच्या तोंडात बोट घालून दात दाखवते आहे, मिठाची वीट चाटून बघते आहे, आणि बोलते आहे. वीस मिनिटं बोलली. मी त्याचे तुकडे करून टाकले, आणि काय चालले ते! इकडे चकलांब्याला, तिकडे सिरसाळ्याला, मेंढरांमागं फिरणाऱ्यांच्या मोबाइलवर आमची आत्या. तिला दाखवलं तेव्हा तोंडाला पदर लावून हसली. “आगं वैशे, माझं पडल्यालं दात दिसत्यात की समद्याला,” म्हणाली.

ती वीस मिनिटं माझ्या कॉम्प्युटरवर तशीच राहिली.

मग शेठ आले. त्यांचं नाव घेत नाही. घेतलं तर तुमचा सगळा राग तिकडे जाईल आणि मला ते फार सोयीचं होईल. जनावरांचं खाद्य बनवायचा त्यांचा छोटा कारखाना. वजनवाढीची एक भुकटी त्यांनी नव्यानं काढली होती. म्हणाले, “मॅडम, मला नटी नको, कोटवाला डॉक्टर नको. आजकाल लोकांना ओळखीचा माणूस लागतो. मला तुमची ती आत्या पाहिजे.” बरोबरच होतं त्यांचं. शहरात त्याला इन्फ्लुएन्सर म्हणतात. आम्ही पुण्यात असताना भिंतीवर त्याचे तक्ते लावलेले असायचे.

मी भुकटीची पिशवी आत्याकडे नेऊन ठेवली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गेले. माझ्यासमोर तिनं चूळ भरली, चिमूट जिभेवर ठेवली — आणि लगेच थुंकली. उठून दोनदा चूळ भरली. “हे गार लागतंय गं जिभंला,” म्हणाली. “खताच्या पोत्यावानी. मोठ्या गुराचं मला ठावं न्हाई. पर कोकराला, करडाला नगं बाई. आन् ह्याला माझं नाव लावू नगंस.”

मी बरं म्हणाले. तिनं चहा केला, मी प्यायले.

अजून एक आहे. पिशवीच्या मागच्या बाजूला बारीक इंग्रजीत छापलेलं होतं — फक्त मोठ्या जनावरांसाठी, पिल्लांना देऊ नये. मी ते वाचलं होतं. आत्यानं जिभेनं वाचलं ते मी डोळ्यांनी वाचलं. आमच्या दोघींखेरीज त्या गल्लीत ते कुणाला कळण्यासारखं नव्हतं.

शेठला सांगितलं, आत्या नाही म्हणते. ते हसले. “तिचा आवाज तुमच्याकडं आहे ना? मग तिला कशाला त्रास देताय? आणि लहानमोठी सगळी जनावरं म्हणा. इकडं मेंढ्याशेळ्याच जास्त आहेत.” एवढं बोलून ते गाडीत बसले आणि गेले. बघा — मी पुन्हा शेठवर आले. शेठवर येणं सोपं आहे. ते हलकट आहेतच. पण बटण त्यांनी दाबलं नाही.

मी का दाबलं? पैशांसाठी म्हणावं तर पैसे तो दातांचा डॉक्टरही देतो. घरी चूल पेटत नव्हती असंही नाही. मग? खरं सांगू? मला बघायचं होतं, जमतंय का. पुण्याच्या त्या केबिनमधल्या साहेबाला जे जमलं नसतं ते मला चौसाळ्यात बसून जमतंय का. किती फालतू कारण आहे! कुणाचा जीव वाचवायला माणूस खोटं बोलतो, पोटासाठी बोलतो, समजू शकतं. मी हौसेपायी बोलले.

यंत्राला म्हटलं, जाहिरात लिही. त्यानं लिहिलं, ‘आदरणीय पशुपालक बंधूंनो’. आत्याच्या तोंडी आदरणीय! मी ते पुसलं आणि स्वतः लिहायला बसले. तिचं ‘हाय’, तिचं ‘न्हाई’, मध्येच ‘आता बगा’ म्हणून थांबणं, सगळं घातलं. लहानमोठ्या समद्या जनावराला, असं घातलं. आणि शेवटी एक वाक्य घातलं — म्या सोता जिभंवर ठिवून पाह्यलंय. ते वाक्य यंत्राला माहीत नव्हतं. ते मला माहीत होतं.

मग वीस मिनिटांचा आवाज यंत्राला दिला. थोड्या वेळानं आत्या बोलायला लागली. जुन्या व्हिडिओतलाच ओटा, तीच साडी, ओठही बरोबर हलत होते, मध्ये श्वास घेतल्याचासुद्धा आवाज. माझ्या अंगावर काटा आला. आणि मी काय केलं असेल? टाळी वाजवली. दुकानात एकटीच होते, तरी टाळी वाजवली.

चालला व्हिडिओ. चालणारच होता. खाली लोक लिहीत होते, आत्यानं सांगितलं म्हणजे सांगितलं. शेठनं पेढे पाठवले. मी ते आईला दिले, तिनं गल्लीत वाटले. आत्याकडे बटणांचा फोन, तिला काही दिसायचा प्रश्न नव्हता. कुणी तिला म्हणायचं, तुमचा व्हिडिओ पाहिला, तर तिला वाटायचं तो जुनाच, दात पडलेला. ती हसायची. मी तिच्या घरावरून जायचं टाळू लागले, एवढंच.

यात आपण फार मोठं काही केलं असं मला तेव्हा वाटत नव्हतं. सगळेच करतात, हे वाक्य तेव्हा माझ्या तोंडात असायचं. आता कुणी माझ्यासमोर ‘सगळेच करतात’ म्हटलं तर माझं डोकं फिरतं. सगळे कोण? त्या खोलीत मी होते आणि कॉम्प्युटर होता.

मग बाजाराच्या दिवशी किसन आला.

चकलांब्याकडचा तरुण मेंढपाळ, तिशीचाही नसेल. त्यानं त्या भुकटीतली चारचार चिमटी आंबोणात, म्हणजे भिजवलेल्या खुराकात, कालवून कोकरांपुढे ठेवली होती. कोकरांचं पोट फुगलं, तोंडाला फेस आला. डॉक्टर पोचेपर्यंत अकरा कोकरं मेली. डॉक्टर म्हणाले, यात युरिया आहे, मोठ्या जनावराला मापात चालतो, पिल्लांना नाही. कुणी सांगितलं तुला हे द्यायला? ते कुणी सांगितलं, हे विचारायला तो जीप करून चौसाळ्याला आला होता. एका हातात रिकामी पिशवी, दुसऱ्यात मोबाइल.

आत्याच्या अंगणात माणसं जमली. कुणीतरी म्हणालं, ती रीलवाली पोरगी बोलवा, तिनंच काढलंय हे. मला बोलावणं आलं. जाताना मला वाटत होतं, फार तर आरडाओरडा होईल. तो ओरडत नव्हता. तोच त्रास होता. आत्यासमोर उकिडवा बसला होता आणि हळू बोलत होता.

“आत्या, माझी बायको नगं म्हनलती,” तो म्हणत होता. “कोकरं लहान हायत, आसू द्या म्हनलती. म्या म्हनलो, आगं आत्या खोटं कावून सांगंल? तिनं जिभंवर ठिवलंय.”

मग त्यानं मोबाइलवर व्हिडिओ लावला आणि तिच्यापुढे धरला. आत्यानं स्वतःला बघितलं. स्वतःला ऐकलं. पूर्ण होऊ दिलं. त्या वाक्यापर्यंत.

“आवाज तर माझाच हाय,” ती म्हणाली. मग थांबून, “पर म्या तर थुंकले हुते.”

गर्दीतला एक कॉलेजातला पोरगा म्हणाला, “आजकाल एआयनं करत्यात असलं. ताई, तुमचं तर कामच हाय हे. तुमी सांगा, खरं हाय का खोटं?” आणि सगळे माझ्याकडे बघायला लागले.

आता सांगते. इथपर्यंत लिहून मी दोनदा उठले, शटर अर्ध्यावर ओढलं, दुपारचं गिऱ्हाईक परत पाठवलं. व्हिडिओचं मी तुम्हाला सांगितलं, पिशवीवरच्या बारीक अक्षरांचं सांगितलं. तुम्हाला वाटलं असेल, हाच हिचा गुन्हा. असता तर बरं झालं असतं. 

मी म्हणाले, “खरं आहे. मीच शूट केलं.”

एवढ्यावर थांबले असते तरी मी खोटारडी आणि भित्री ठरले असते, बस. पण आत्या माझ्याकडे बघत होती. तिच्या डोळ्यांत राग नव्हता. तिला खरोखरच विचारायचं होतं. “वैशे,” म्हणाली, “तू हुतीस की. म्या थुंकले नव्हते का गं?”

मी तिच्याजवळ जाऊन बसले. तिचा हात हातात घेतला. आणि मऊ आवाजात — तोच आवाज, पुण्याच्या केबिनमधला — म्हणाले, “पहिल्या दिवशी थुंकलीस, आत्या. पण दुसऱ्या दिवशी परत ठेवून बघितलंस आणि चालंल म्हणालीस. आठवत नाही का तुला?”

आठवत नाही का तुला. हे माझं आहे. हे यंत्रानं लिहिलं नाही, शेठनं सांगितलं नाही. याचा कुणी व्हिडिओ काढला नाही. हे माझ्या स्वतःच्या जिभेवरून गेलं.

आत्या माझ्याकडे बघत होती. आठवायचा प्रयत्न करत होती. तिच्या कपाळावर आठ्या पडलेल्या मला दिसत होत्या — ती माझ्यासाठी तो दुसरा दिवस शोधत होती, जो झालाच नव्हता. सापडेना. मग तिनं मान खाली घातली. “आसंल बाई,” म्हणाली. “इसरले आसंन.”

तिनं किसनपुढे हात जोडले. त्या पोरापुढे, जो तिच्या लेकाच्या वयाचा. “माझ्या तोंडून गेलं बाबा,” म्हणाली. “माझं टकुरं ठिकाणावर न्हाई ऱ्हायलं.” आणि उठून, गुडघ्यावर हात देत देत, शेळ्यांकडे गेली आणि दोन गाभण शेळ्यांची दावी सोडायला लागली. गाठ सुटेना तिला. ती गाठ मी सोडली. दावी किसनच्या हातात मी दिली. तो नको म्हणत होता, लोकांनी घे म्हटलं, त्यानं घेतली. जाताना तो रडत होता. शेळ्या जीपमध्ये चढेनात, तर मी मागून ढकलल्या.

गर्दी पांगली. माणसं म्हणत होती, म्हातारीचं वय झालं, चालायचंच. किती पटकन पटलं सगळ्यांना! इतकी वर्षं जिच्या जिभेवर विश्वास ठेवला ती एका वाक्यात म्हातारी झाली. मला त्या माणसांचाही राग येतो. मग आठवतं, ते वाक्य कुणाचं होतं.

शेठनं व्हिडिओ काढून टाकला. भुकटीचं नाव बदललं, पिशवीचा रंग बदलला. मला पुढचं काम देऊ केलं. मी नाही म्हणाले. यात काही मोठेपणा नाही, तेव्हा दुसरं काम हातात होतं.

आत्यानं जिभेवर ठेवणं बंद केलं. कुणी पेंड घेऊन आलं तर म्हणते, “डाक्टरला इचारा, माझं काय खरं न्हाई.” तिचा नवरा मेंढरं दिराच्या हवाली करून आला आणि तिला बीडला घेऊन गेला. डॉक्टरांनी तपासलं, प्रश्न विचारले, मशीनमध्ये घातलं, आणि सांगितलं की बाई ठणठणीत आहे, माझ्यापेक्षा बरं लक्षात आहे हिच्या. आत्यानं मानलं नाही. “मशिनीला काय कळतंय?” मला म्हणाली. “माझ्यासमूर झालंय ते. तू हुतीस की.”

आता ती दिवसातून तीनदा शेळ्या मोजते. चूल विझली का बघायला दारातून परत फिरते. काही लक्षात ठेवायचं असलं की पदराला गाठ मारते. पूर्वी कधीतरी एखादी असायची. आता पदराचं टोक गाठींनी जड होऊन लोंबतं, आणि कुठली गाठ कशाची हे आठवेना की तिचा चेहरा घाबरतो. एवढ्या गाठी मारल्या तर कुठली कशाची हे कुणालाच आठवणार नाही, तुम्हालाही नाही. पण ती म्हणते, बघ, चाललंय माझं.

आणि दर बाजाराला ती माझ्या दुकानात येते.

हो, माझ्याच. तिची समजूत अशी आहे की माझ्या कॉम्प्युटरमध्ये तिचं सगळं बोलणं असतं. तिनं कुणाला काय सांगितलं, हे ती विसरली तरी माझ्याकडे सापडेल. चपला पायरीवर काढते, स्टुलावर बसते आणि विचारते, “वैशे, म्या गेल्या बाजारी त्या सुनंला शेळीचं काय सांगितलं गं? नीट सांगितलं ना?” मग म्हणते, “हे बी घालून ठिव तुज्यात. पुना इसरंन म्या.” आणि बोलायला लागते. मी रेकॉर्डिंग सुरू करते. काय करू? नाही म्हणू? नाही म्हणायला कारण द्यावं लागतं.

कुठल्या शेळीची आई कोण, तिची आई कोण, कुठल्या दुष्काळात कुणाच्या विहिरीवर पाणी पाजलं, कुणाच्या गुराला काय झालं आणि काय दिल्यावर उठलं. मी ते सगळं नंतर ऐकलं आहे, परत परत. चूक शोधत होते. तिच्या डोक्यात खरंच काही बिघडलेलं निघालं असतं, तर मी सुटले असते. वाचलंत? मी एका चांगल्या बाईच्या डोक्यात बिघाड शोधत बसले होते, स्वतःसाठी. एकही चूक सापडली नाही. एक नाव इकडचं तिकडं नाही. फक्त एकाच ठिकाणी ती अडखळते. “त्या भुकटीच्या येळंला म्या दुसऱ्या दिशी चालंल म्हनले,” ती सांगते, आणि मग तिचा आवाज बारीक होतो, “आसं वैशी म्हनती.”

ते माझ्याकडे रेकॉर्ड केलेलं आहे. तिच्याच आवाजात. यावेळी मी काहीच केलं नाही, ती स्वतःच बोलली.

गेल्या बाजाराला जाताना पायरीवर थांबली. म्हणाली, “तू हायस म्हनून बरं हाय गं. न्हाईतर मला कोन सांगितलं आसतं, म्या काय बोलले ते.” चपला घातल्या आणि गेली.

उद्या बाजार आहे. दहाच्या सुमाराला ती येईल, स्टुलावर बसेल, पदराची एखादी गाठ पुढे करून विचारेल, ही कशाची गं? जे तोंडानं दोन वाक्यांत तिला सांगता आलं असतं, ते मी एवढं लांबवून तुमच्यासाठी लिहून काढलं आहे. आत्याला वाचता येत नाही. लिहायला बसले तेव्हाच मला ते माहीत होतं.